शेवटचं प्रकरण सोडून

बद्रुद्दीनचाचांचं म्हणणं असं, की ऐतिहासिक कादंबऱ्यांत कोणालाच सर्दी होत नाही. राजा रात्रभर पावसात घोडा दौडवत येतो आणि आल्या आल्या दरबारात दोन पानांचं भाषण करतो. एकदा तरी त्यानं शिंकावं. रहस्यकथांवर त्यांचा राग वेगळा होता. ते बुलढाण्याच्या कोर्टात स्टेनो होते, सगळी नोकरी साक्षी आणि जबाब टाइप करण्यात गेली. खरा खुनी फार थोडं बोलतो, म्हणायचे, आणि पुस्तकातला एकदा पकडला गेला की थांबता थांबत नाही.

माझी मतं कोरडी असायची. यादवांच्या काळावरच्या एका कादंबरीत सैनिक भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा खात होते. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली, म्हणजे त्या सैनिकांना अजून काही शतकं थांबायला हवं होतं. दुसऱ्या एका पुस्तकात अमावास्येला किल्ल्यावर चढाई होते आणि पहारेकऱ्याची सावली तटावर लांबच लांब पडते. मी तिथेच थांबून विचारलं, सावली कशाची? चाचा हसले.

"मशाल असन, पोरी. लेखकाले थोडी तरी सूट देत जा."

आणि तिसरं मत जमीलाचाचींचं. राणी पुस्तकभर रडते, पण एकदाही केस विंचरत नाही, असं त्या म्हणाल्या. म्हणजे चाचांनी तसं सांगितलं. जमीलाचाचींना जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

हे नीट सांगायला हवं. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाल्यावर मला बुलढाण्यातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तात्पुरती नोकरी लागली आणि मी चाचांच्या घराची मागची खोली भाड्याने घेतली. काचबिंदूनं त्यांची नजर पूर्ण गेली होती. त्यांची मुलगी शाहीन मलकापूरला असते. वडिलांनी आपल्याकडे राहायला यावं म्हणून सांगून सांगून ती थकली होती. ते घर सोडायला तयार नव्हते. शेवटी तिने मला गळ घातली, की मयुरी, तू तरी संध्याकाळी अब्बांना काही वाचून दाखवत जा, अम्मी दाखवायची तसं. वाचायची मला सवय होतीच. आमच्या धामणगाव बढ्याच्या बुद्धविहारात वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. शाळेत असल्यापासून तिथे पुष्कळदा मीच वाचायला बसते, त्यामुळे आवाज लवकर थकत नाही.

मगरीबची नमाज झाली की आम्ही पुढच्या खोलीत बसायचो. चाचा खिडकीजवळच्या खुर्चीवर, मी स्वयंपाकघराच्या दारात सतरंजीवर, कारण तिथे उजेड चांगला पडायचा. भिंतीलगतची बाज चाचींची. तिच्यावर कोणी बसत नसे. प्रकरण संपलं की पुस्तक मिटायचं आणि मतं सांगायची, ही त्या दोघांची लग्न झाल्यापासूनची पद्धत. आधी चाचा सांगत, मग मी. मग ते बाजेकडे तोंड करून कान देत आणि म्हणत, "तुही चाची म्हन्ते…"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी विचारलं होतं, तुम्हाला चाची दिसतात का?

"दिसत तं मले तूबी नाहीस," ते म्हणाले.

पद्धतीचा आणखी एक भाग होता, तो मात्र चाची गेल्यानंतरचा. शेवटचं प्रकरण वाचायचं नाही. चाची असताना पुस्तक संपलं की त्या लगेच उठून स्वयंपाकघरात जात. त्या वारल्यानंतरही एकदा असंच झालं. शेजारच्या कोणीतरी चाचांना एक कादंबरी शेवटपर्यंत वाचून दाखवली, आणि मग पुष्कळ महिने बाजेवर कोणी आलं नाही. ते महिने कसे गेले, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. पुन्हा सांगायला लावू नको, असंही सांगितलं. तेव्हापासून त्यांच्या घरात प्रत्येक खुनाचा तपास शेवटच्या वळणावर थांबत असे आणि दुसऱ्या दिवशी नवं पुस्तक सुरू होई.

मला ते सोसत नसे. मी पुस्तक खोलीत नेऊन शेवट वाचून काढायची. चाचींनी ज्याचं नाव घेतलं असेल तोच खुनी निघायचा. चाचांचा स्वतःचा अंदाज बऱ्याचदा चुकायचा, माझाही. चाचींचा नाही.

याचं सरळ स्पष्टीकरण मी मनाशी धरलं होतं. आयुष्यभर कोर्टात बसलेल्या माणसाला खोटं लगेच ऐकू येतं. पटकन सुचलेलं मत ते आपलं म्हणून सांगतात आणि नीट विचार केलेलं बायकोच्या नावावर. त्यात गैर काहीच नव्हतं. पण स्पष्टीकरण आहे म्हटल्यावर ते तपासून पाहावंसं वाटतं, आणि मला एक प्रयोग सुचला. जिला उत्तरच नाही अशी गोष्ट वाचायची. माणूस स्वतःच अंदाज करत असेल, तर तेव्हाही तो कोणाचं तरी नाव घेईलच. अंदाज करायला उत्तर असावं लागत नाही.

मी हातात माझंच फिजिक्सचं पुस्तक धरलं, पानं उलटत राहिले आणि गोष्ट तोंडाला येईल तशी रचत गेले. इंग्रजांच्या काळातली, कापसातली सरकी काढायची एक जिनिंग. तिथला मुनीम गोदामात, सरकी काढलेल्या पांढऱ्या रुईच्या ढिगावर, गळा दाबलेला सापडतो. गोदामाला बाहेरून कुलूप. मालकाचा भाऊ आदल्याच दिवशी पिंपळगाव राजाहून आलेला. एक खोकणारा पहारेकरी, एक तोंडाळ स्वयंपाकीण आणि तिशीतला, काळ्याभोर दाढीचा एक वैद्य. काही संध्याकाळी हे चाललं. जे सुचेल ते घालत होते. सकाळी ओरडा होतो, वैद्य पांढऱ्या भुवया पुसत धावत येतो, स्वयंपाकीण त्याला बोलावण्याआधीच आला म्हणून टोमणा मारते, पहारेकऱ्याची किल्ली सापडत नाही, मग कुलूप तोडतात. खुनी कोण हे मी ठरवलं नव्हतं. मनातल्या मनातही ठरू नये याची काळजी घेत होते.

मग मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, आता एकच प्रकरण उरलं.

चाचांनी भावाचं नाव घेतलं. मी पहारेकऱ्याचं घेतलं. मग ते बाजेकडे वळले. बाहेर कोणीतरी स्कूटर लावली, गेट वाजलं, पावलं दूर गेली. चाचा तसेच बसून होते. नंतर त्यांनी तोंड माझ्याकडे केलं.

"काहीच बोलत नाही ती," ते म्हणाले.

या निकालासाठी मी जागाच ठेवली नव्हती. नाव घेतलं असतं तर माझं स्पष्टीकरण खरं ठरलं असतं. ही गोष्ट बनावट आहे असं म्हणाले असते, तरी त्यांचे कान तयार आहेत असं म्हणता आलं असतं. नुसतं गप्प राहण्याचं मला काही करता येईना.

आम्ही नवं पुस्तक धरलं. चाची गप्प. ते सोडून दुसरं धरलं, त्यात घोडे, तलवारी, कट, सगळं होतं. चाची गप्प. चाचांचं स्वतःचं मतही आटत गेलं. सर्दीवरून ते कोणा राजाला बोलेनात. चहा तसाच गार व्हायचा. शाहीनचा फोन आला की हाव, ठीक हाये, एवढंच. एका संध्याकाळी त्यांनी मला ओळीच्या मधेच थांबवलं.

"राहू दे. तिचं ध्यान नाही याच्यात. ती त्या जिनिंगमंधीच बसली हाये."

"पण आहेत ना त्या इथे?" मी विचारलं, आणि विचारून झाल्यावर लक्षात आलं की मी खरंच विचारते आहे.

"हाये. वाट पाहून राह्यली."

तेव्हा मी त्यांना सांगून टाकलं. पुस्तक नव्हतं, गोष्ट माझी होती, आणि तिच्यात खून कोणी केला हे मलाही माहीत नाही. ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "शेवट हायेच नाही?"

"नाही."

ते बराच वेळ खुर्चीच्या हातावरून बोटं फिरवत राहिले.

"मले वाटे, आपन शेवट बाकी ठेवतो म्हनून ती राह्यते," ते म्हणाले. "खुशीनं राह्यते. पन ही तं कोंडल्यावानी झाली, बेटा. हे बरं नाही. तू शेवट कर."

"आणि उठून गेल्या तर?"

"कर म्हन्तो ना."

या वेळी मी हातात काही धरलं नाही. चाचांनीच भावाचं नाव घेतलं होतं, म्हणून मीही भावालाच खुनी केलं. त्याची काहीतरी लबाडी मुनिमाला कळलेली असते, म्हणून तो त्याचा गळा दाबतो. कारण तकलादू होतं, सांगतानाच मला कळत होतं. पोलीस आले, बेड्या पडल्या. मी थांबले.

चाचा बाजेकडे वळले. आधी काही झालं नाही. मग त्यांचा चेहरा बदलला. कित्येक दिवसांत तो असा मोकळा झाला नव्हता.

"नाही म्हन्ते," ते म्हणाले. "भाऊ नाही. वैद्य."

ते थांबत थांबत बोलत होते, आणि बोलताना दोन्ही हातांची बोटं मांडीवर हलत होती. कोणी सांगतंय आणि आपण टाइप करतोय, तशी.

"दाढी काळी अन भुवया पांढऱ्या, अशा काहून? रुई बसली होती म्हन्ते त्याच्या भुवयांत. तेच पुसत आला. अन कुलूप तं तो आल्यावर तुटलं." बोटं थांबली, पुन्हा हलली. "पहारेकऱ्याले खोकला होता ना? त्याले औषध कोनं देल्लं असन? तो निजला का कमरेची किल्ली घ्याले किती वेळ लागते?"

पांढऱ्या भुवया माझ्याकडून चुकून गेल्या होत्या. वैद्याला तिशीतला केलंय हे मी विसरले होते, सगळ्याच गोष्टींतले वैद्य म्हातारे असतात तसा तोही तोंडात आला. खोकला तर नुसता वेळ काढायला घातला होता. पण आता सगळं जागच्या जागी बसत होतं. स्वयंपाकिणीचा टोमणासुद्धा. माझ्या गोष्टीला उत्तर होतं, आणि ते मला माहीत नव्हतं.

चाचांनीच हे ताडलं असेल, असं म्हणता येतं. भुवयांची चूक त्यांच्या कानांतून सुटली नसती. मी अजूनही तसं म्हणू शकते.

त्यांची बोटं मांडीवर स्थिर झाली. ते ताठ बसले, काहीतरी ऐकत असल्यासारखे. मी दारात पाय लांब करून बसले होते. ते मी आखडून घेतले आणि चौकटीला टेकून बाजूला सरले, कोणाला आत जाऊ देताना सरतो तशी. सतरंजीची कड दुमडली होती, तीही हाताने सारखी केली. मग मला कळलं, मी काय केलं ते.

"गेली?" चाचांनी विचारलं.

आत अंधार होता. मी मागे वळून पाहिलं नाही.

"हो," मी म्हणाले. "आत्ताच."