कॅप्टन कुणावर भुंकतो

कॅप्टन बाबांवर भुंकतो, हे चेतनानं इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं होतं की आता सांगताना तिला वाईटही वाटत नसे. उलट, खरं बोलायचं तर, बरंच वाटे. मानखुर्दची बाबांची चाळ पाडायला निघाली होती, आई गेल्याला वर्ष होऊन गेलं होतं, आणि मुलुंडला लेकीच्या घरात एक अख्खी खोली रिकामी होती. कुणीही म्हणालं असतं, भाऊराव आता लेकीकडे राहतील. पण कुत्रा चावला म्हणजे? एवढ्या वयाच्या माणसाला? नकोच ते! कुत्र्याचं निमित्त फार सोयीचं असतं, कारण कुत्रा उलटून बोलत नाही.

चेतनाचा नवरा बोटीवर, वर्षातले कितीतरी महिने समुद्रात. म्हणून राखणीला हा जर्मन शेफर्ड आणलेला. शेजारच्या जयंतीनं आपली कुत्री दादू परबाच्या वर्गाला घातली, तेव्हा चेतनानंही कॅप्टनला घातलं. दादू मूळचा कणकवलीकडचा. राखणीचे कुत्रे तयार करण्यात मुरलेला आणि जिभेला हाड नसलेला. पहिल्याच रविवारी मैदानावर त्यानं सगळ्या मालकांना झापून काढलं होतं.

"चावायला कुणीपण शिकवेल हो. तो चावता कशाक, ता आधी समजूक व्हया! एक कुत्रा असतो, त्याला पळती वस्तू धरायचीच असते. त्याला तो खेळ. दुसरा घाबरून चावतो. त्या दुसऱ्याला मी हात लावणार नाय. घाबरटाच्या हातात कोयता दिला तर तो पहिला घरच्यांवर चालवतो."

तर आज कॅप्टनचा स्वभाव तपासायचा होता. आणि दादूची अट होती, की ज्याच्यावर कुत्रा भुंकतो तो माणूसच समोर आणा. भाऊराव सकाळीच मानखुर्दहून आले होते, पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री मारून. फोनवर ते लेकीला म्हणाले होते, "पास झाला तुझा कुत्रा, की मी बिऱ्हाड उचलतो बघ, माय." आणि चेतना ह्या क्षणी मनातल्या मनात कुत्रा नापास व्हावा म्हणून देव पाण्यात घालून बसली होती.

कारण काय, तेही सांगून टाकू. सोसायटीत तिची जात कुणाला ठाऊक नव्हती. ती खोटं कधी बोलली नव्हती, नुसती गप्प बसली होती. नवऱ्याचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नसे. बाबासाहेबांची तसबीर कपाटाच्या आत, साड्यांच्या मागे. मागच्या डिसेंबरात जयंती म्हणाली होती, "उद्या दादरला नको जाऊस हं, त्या लोकांची गर्दी असते," आणि चेतनानं मान डोलावली होती. त्याच गर्दीत ती बापाच्या खांद्यावर बसून लहानाची मोठी झाली होती. त्या मान डोलावण्याची तिला लाज वाटली, रात्रभर वाटली. पण लाज वाटली म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं तोंड उघडलं, असं काही झालं नाही.

भाऊरावांचं मात्र सगळं उघड्यावर. सोसायटीच्या फाटकात पाऊल टाकलं की ते वॉचमनला, लिफ्टमधल्या माणसाला, जो भेटेल त्याला हात जोडून खणखणीत आवाजात "जय भीम!" घालत.

परीक्षा सुरू झाली. पट्टा चेतनाच्या हातात, बाजूला जयंती आपल्या कुत्रीला घेऊन उभी. दादूनं कॅप्टनच्या मागे खडे भरलेला डबा आपटला. कॅप्टननं वळून पाहिलं, डबा हुंगला, सोडून दिला. तोंडावर छत्री उघडली, तरी तो हलला नाही. दादूचा माणूस काठी परजत अंगावर आला, तेव्हा कॅप्टन छाती काढून उभा राहिला. शेपटी वर, कान पुढे.

"झकास! भीती नावाला नाय," दादू म्हणाला. "आता काका, तुम्ही चला त्याच्या समोरून."

भाऊराव चालत आले. कॅप्टननं शेपटी हलवली.

"भुंकत कुठेय? काका, मॅडमच्या घरी येता तेव्हा काय करता? तसंच करा."

भाऊरावांनी हात जोडले. "जय भीम!"

कॅप्टन उसळला. दात काढून असा भुंकला की जयंती किंचाळून मागे सरली. चेतनानं सुटकेचा श्वास सोडला. झालं, नापास!

दादू मात्र कुत्र्याकडे बघतच नव्हता. तो तिच्या हाताकडे बघत होता. "द्या पट्टा माझ्याकडे. काका, परत एकदा."

"जय भीम!"

कॅप्टन शेपटी हलवत भाऊरावांची चप्पल हुंगायला गेला.

"गुणी बाळ आहे हो," दादू म्हणाला. "मॅडम, काका बोलले की तुम्ही पट्टा आवळता. मुठीला गुंडाळता. त्याला वाटतं, मालकीण घाबरली म्हणजे ह्या शब्दात कायतरी धोका आहे. ह्यात कुत्र्याची काय चूक? शिकवलं तुम्हीच." मग काय बोलून गेलो हे त्यालाही उमगलं असावं, कारण तो उगाचच डबा उचलायला वाकला.

जयंती एकदा भाऊरावांकडे, एकदा चेतनाकडे बघत राहिली. चेतनाला ते नको होतं, पण खरी लाज त्याची नव्हती. बाबांना कळलं होतं. एवढे दिवस ते कुत्र्यासाठी बिस्किटं आणत होते, त्याची समजूत काढत होते. ते आता लेकीच्या मुठीकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर तिला सोसला असता.

"शेवटचं," दादू पट्टा परत देत म्हणाला. "हात ढिला, हां?"

भाऊराव लांब जाऊन पुन्हा चालत आले. अंधेरीच्या ऑफिसात शिपाई म्हणून उभा जन्म गेला, पण मोठ्या साहेबालासुद्धा त्यांनी कधी दुसरा नमस्कार घातला नव्हता. समोर येऊन ते थांबले. हात जोडले नाहीत.

"गुड मॉर्निंग, मॅडम," ते म्हणाले.

कॅप्टन शांत बसून राहिला.

"पास!" दादू ओरडला.

चेतनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाप निघाला होता, पाठीमागून शर्टाची इस्त्री तशीच कडक. ह्या माणसाला आपण आपल्याच दारात मुका केला! ती जयंतीकडे न बघता, घसा ताणून ओरडली, "जय भीम, बाबा!"

भाऊराव वळले. त्यांचा चेहरा उजळला, आणि त्याच वेळी कॅप्टन त्यांच्यावर भुंकू लागला. जीव खाऊन भुंकू लागला. चेतनानं खाली पाहिलं. पट्ट्याचे दोन वेढे तिच्या मुठीला बसले होते, बोटं पांढरी पडली होती. ती उघडायचा तिनं प्रयत्न केला. बाप हात जोडून तिथंच थांबला होता, आणि बोटं उघडत नव्हती.