आक्काचं ऑपरेशन

भागवतच्या प्रचाराचा नारळ मारुतीच्या देवळासमोर फुटला तेव्हा मांडवात हजारभर माणूस होतं. पाथर्डीकडच्या त्या गावातल्या ऊसतोडीच्या टोळ्या मतदानासाठी थांबल्या होत्या, म्हणून बायाही बऱ्याच होत्या. दोनदा पंचायत समितीवर निवडून आलेला हा माणूस पहिल्यांदाच आमदारकीला उभा राहत होता. पहिल्या रांगेत त्याने थोरल्या बहिणीला, केशरआक्काला, मुद्दाम बसवलं होतं. शेजारी तिची सून धनश्री.

भाषण पाण्यावर होतं. बंधारे, पाझर तलाव, रखडलेली योजना. भागवतने आठवडाभर त्याची तयारी केली होती. पण पाच-सात मिनिटांतच मागची माणसं मोबाईल बघायला लागली, कुणी तंबाखू मळायला लागलं. भागवतने हातातला कागद खिशात घातला आणि आक्काकडे बोट केलं.

"ही माझी बहीण. हिनं शाळा सोडली, कोयता घेतला, म्हणून मी डी.एड. झालो!"

मांडव गप्प झाला. त्या शांततेची त्याला नशा चढली म्हणा ना. थांबायचं कुठं हे कळेना.

"अन् सव्वीस वर्षांची असताना, काय व्हय वय ते, हिची गर्भाची पिशवी काढली! कशासाठी? तर कामावर खाडा पडू नये म्हणून!"

बायांनी पदर डोळ्यांना लावले. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. टाळ्या चालू असतानाच त्याने आक्काकडे पाहिलं. ती मांडीकडे बघत होती. धनश्री सासूकडे बघत होती. आक्का उठली. ती स्टेजवर येतेय असं वाटून कार्यकर्त्यांनी हार पुढे केला, पण ती वळली आणि खुर्च्यांच्या मधून, डोईवरचा पदर ओढत रस्त्याला लागली.

पंचवीस वर्षांपूर्वी त्या दवाखान्यात तिच्यासोबत भागवतच होता. दाजींना टोळी सोडता आली नव्हती. फॉर्मवर सही त्यानेच केली होती. येताना एसटीत ती खिडकीला डोकं टेकून म्हणाली होती, "आतड्याचं ऑपरेशन झालं म्हणायचं. कुनाला बोलू नको." तो बोलला नव्हता. बायकोलासुद्धा नाही. आणि आज हजार माणसांत, स्पीकर लावून बोलला होता.

दुपारी गाडीत सुश्रुत खूश होता. नगरचा हा पोरगेला माणूस मोबाईलवरचा प्रचार बघायचा. "दादा, सकाळच्या भाषणाचा व्हिडिओ दीड लाख लोकांनी बघितला. तुमचं एकही भाषण एवढं चाललं नव्हतं."

"काढून टाक ते."

"आपण काढलं तरी लोकांच्या ग्रुपवर गेलंय ना."

थोड्या वेळाने भागवतने विचारलं, "आता किती झाले?" विचारलं आणि कानशिलं तापली. बाहेर बघत बसला.

दिवस कलताना तो एकटाच आक्काच्या घरी गेला. ती शेळीला पाला घालत होती. धनश्रीने पाण्याचा तांब्या ठेवला आणि मान वर न करता आत गेली.

"आक्का, चुकलं माझं."

"खोटं कुठं बोल्लास? झालं तेच सांगितलंस की."

"तसं न्हाई गं..."

"सकाळधरनं सात बाया येऊन गेल्या." आक्काने फांदी मोडली. "एकीनं तर पोटालाच हात लावला माझ्या. म्हनली, तवाच तू अशी वाळलीस. धनश्री इचारती, मला का न्हाई सांगितलं. काय सांगू तिला?"

त्याला तिच्या पायाशी बसावंसं वाटलं. पण अंगावर खादीचा कडक शर्ट होता, गळ्यात गमछा, आणि तशा वेषात पाया पडणं त्याला स्वतःलाच नाटक वाटलं. उभाच राहिला.

"मत दीन मी," ती म्हणाली. "भाऊ हायेस. पन मला सभेला बोलवू नको. आन् माझं नाव घिऊ नको."

"न्हाई घेनार."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गावात सभा होती. ओळख करून द्यायला तिथले जुने पुढारी सूर्यभान उभे राहिले आणि त्यांनी आक्कापासूनच सुरुवात केली. पदरचं घालून. रक्त काय, कोयता काय, फडातच कोसळली काय. पुढच्या बाया रडत होत्या. भागवतच्या हातापासून माईक वीतभर लांब होता. तो ऐकत राहिला. मनात आलं, होऊ दे यांचं पुरं. मग त्या विचाराचीच किळस आली आणि त्याने उठून माईक घेतला.

"सूर्यभानदादा, बसा. हे मी बोलायला नको होतं. बहिणीनं लपवलेलं मी मतासाठी उघडं केलं. माझी मला लाज वाटते. कुणी पुन्हा बोलू नका."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "वा रं वाघा!" आणि मांडव टाळ्यांनी दणाणला. कालच्यापेक्षा जास्त. समोर सुश्रुतने मोबाईल उंच धरला होता.

भागवतला कुठे बघावं कळेना. पाण्याचं भाषण त्याने कसंबसं उरकलं. खाली उतरला तो थेट सुश्रुतकडे गेला, त्याच्या हातून मोबाईल घेतला आणि आत्ताचा व्हिडिओ शोधून पुसून टाकला.

"दादा, अहो, हा तर कालच्याहून भारी होता!"

"म्हणूनच," भागवत म्हणाला.

गाडीपर्यंत लोक त्याचे हात हातात घेत होते. एक म्हातारी त्याच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "असा भाऊ पायजे रं बाबा." त्याने मान खाली घातली. तिला तेही आवडलं.