ती उठली की बंद

बोटभर लांबीचा तपकिरी दोरा.

"माझ्यासमोर एकदाही नाही. एकदाही."

ओट्याखाली तीन ड्रॉवर. तिसरा नाही.

पावडरचा डबा. त्यातली पावडर कुणी अंगाला लावत नाही.

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या दारामागचे मीटर वाचलेला माणूस चप्पल न वाजवता चालतो.

मागच्या वेळी हा कॉम्प्युटर योग्य रीतीने बंद केला गेला नव्हता.

*

ही सगळी सामग्री एकाच खोलीतली, आणि ती गोळा केली घरातल्या सुनेनं. ती एका फर्निचरच्या कारखान्यासाठी स्वयंपाकघरांचे आराखडे काढायची. कपाट कुठं, ड्रॉवर किती, बिजागरी कुठल्या हाताला. काम घरूनच. त्यासाठी महिन्यापूर्वी दिरानं सुटे भाग आणून तिला नवा कॉम्प्युटर जोडून दिला. वाऱ्यासारखा पळायचा. खोड एकच. ती खुर्चीत असेपर्यंत चालायचा. ती चहा टाकायला, कपडे वाळत घालायला, नाहीतर कुरिअरवाल्याशी पत्त्यावरून हुज्जत घालायला उठली, की परत येईतो ठार बंद. साठवायचं राहिलेलं काम गेलेलं. एकदा एक ड्रॉवर गेला, एकदा अख्खी भिंत.

वीज गेली म्हणावं तर डोक्यावर पंखा फिरतोय.

आता या घरात रिकाम्या खोलीत पंखा फिरणं हेच नवल. सासरे वीजमंडळात मीटर वाचायला होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना अजून 'मीटरकाका' म्हणत. माणूस उठला की ते दिवा मालवत. पाणी प्यायला उठला तरी. एकदा ती आंघोळीत असताना त्यांनी बाहेरून बटण बंद केलं होतं, आणि आतून ओरडा आल्यावर म्हणाले होते, "आवाज नव्हता गं पाण्याचा."

मग तिच्या मनात पाल चुकचुकली नसती तरच आश्चर्य.

पण पंखा चालू होता, त्याचं काय? त्याचंही उत्तर तिला सापडलं. पंखा मुद्दाम चालू ठेवलाय. संशय येऊ नये म्हणून.

*

दोऱ्याचं असं झालं. ती उठताना दाराच्या फटीत दोरा अडकवून गेली. आली तेव्हा दोरा जागच्या जागी, आणि कॉम्प्युटर बंद. कुणी म्हणेल, सुटला म्हातारा. ती म्हणाली, ज्यानं हयातभर मीटरची सीलं तपासली, त्याला एक दोरा परत लावता येत नाही थोडंच.

पावडर तिनं बटणावर भुरभुरली. कॉम्प्युटर बंद, पावडरीवर बोटाचा ठसा नाही. म्हणजे पेन्सिलीच्या टोकानं दाबलं.

कॉम्प्युटर परत सुरू केला की तो स्वतःच्या नोंदवहीत दर वेळी तेच एक वाक्य लिहायचा: मागच्या वेळी योग्य रीतीनं बंद केला गेला नव्हता. 'केला गेला नव्हता.' म्हणजे कुणीतरी केला. यंत्रसुद्धा तिच्या बाजूनं साक्ष देत होतं, फक्त नाव घेत नव्हतं.

"बाबा असं करणार नाहीत," नवरा म्हणाला. मग थोडा विचार करून म्हणाला, "करतीलही."

"नक्की काय?"

"ते बंद करतील. पण लपवणार नाहीत. उलट येऊन सांगतील, किती वीज वाचवली ते."

हे पटण्यासारखं होतं, म्हणूनच तिला पटलं नाही. मुलगा बापाचीच बाजू घेणार. कारखान्यातून दोनदा विचारणा झाली होती, आराखडे उशिरा का येतात, घरी काही अडचण आहे का. घरात माणसं तीन. त्यातला एक तिच्या कामाच्या मुळावर उठला असेल, तर एका छपराखाली राहायचं कसं, हा तिच्यापुढचा खरा प्रश्न होता. ड्रॉवर काय, परत काढता येतो.

*

तिनं पुस्तकांच्या मागे फोन उभा केला आणि चित्रण सुरू ठेवून भाजी आणायला गेली.

अकरा बारा: दार उघडतं. सासरे आत. आजूबाजूला बघतात.

अकरा तेरा: कॉम्प्युटरजवळ जातात. टेबलामागे वाकतात. पाठ कॅमेऱ्याकडे. हात दिसत नाहीत.

अकरा चौदा: जातात. जाताना पंख्याचं बटण बंद.

अकरा एकोणीस: कॉम्प्युटरची घरघर थांबते.

खोलीत कुणी नाही.

तिनं ते पाच वेळा पाहिलं. अकरा एकोणीसपाशी दर वेळी तिचं मन जरा अडखळायचं, पण पाच मिनिटांनी बंद व्हायची काही युक्ती असणारच. ज्याला विजेतलं कळतं त्याला काय अवघड?

*

संध्याकाळच्या चहाला तिनं फोन टेबलावर ठेवला, कपाशेजारी.

सासऱ्यांनी चष्मा लावून पूर्ण पाहिलं. मध्ये एकदा "माझं टक्कल मागून असं दिसतं होय," म्हणाले. नवरा हसला आणि लगेच गप्प झाला.

"बाबा, तुम्ही वाकलात ते कशाला?" तिनं विचारलं.

"पेन पडलं होतं खाली. उचलून टेबलावर ठेवलं."

"पेन दिसत नाही यात."

"माझ्या पाठीआड कसं दिसेल?"

"बाबा, बंद केला असेल तर तसं सांगा. मी रागावणार नाही."

सासऱ्यांनी चष्मा काढला. "हे वाक्य माझं आहे. मी लोकांना म्हणायचो, मीटरला चुंबक लावलं असेल तर सांगा, मी रागावणार नाही."

"मग?"

"सांगितलं की रागवायचो."

कुणी हसलं नाही. चहावर साय धरली. मग ते उठले आणि म्हणाले, "एवढ्या वर्षांत मी हजार घरांवर संशय घेतला असेल. माझ्या घरात पुस्तकामागं कॅमेरा लागेल असं वाटलं नव्हतं."

सकाळी त्यांनी बॅग भरली आणि धाकट्याकडे जायला निघाले. आपली किल्ली त्यांनी दाराजवळच्या खिळ्याला टांगली. बाहेरच्या खोलीत दिवा उगाच जळत होता. त्यांचा हात सवयीनं वर गेला, बटणापाशी थांबला, आणि खाली आला. दिवा तसाच ठेवून ते गेले.

*

दोन दिवस गेले. तिनं काम केलं. खुर्चीतून फारशी उठलीच नाही. मनात म्हणाली, बघा, थांबलं ना.

तिसऱ्या दिवशी तिला कारखान्यात बोलावणं आलं. ती कॉम्प्युटर चालू ठेवून, दाराला कुलूप लावून गेली. दोन तासांनी आली.

कुलूप तसंच. कॉम्प्युटर बंद.

तिनं खिळा पाहिला. किल्ली होती. तरी पहिला विचार काय आला? नक्कल करून घेतली असेल. दुसरा विचार आला तो त्याहून वाईट. तिनं नवऱ्याला फोन लावला.

"तू मधे घरी येऊन गेलास?"

"मी? आत्ता? इथं वीस माणसं माझ्यासमोर बसलीत."

"येऊन गेलास का एवढंच विचारलं."

"आता मीही का?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

फोन ठेवल्यावर ती बंद कॉम्प्युटरसमोर बराच वेळ बसली. घरात आता आळ घ्यायला एकच माणूस उरलं होतं, आणि ती स्वतः दोन तास बाहेर होती.

*

दुरुस्तीवाली बाई दारातच म्हणाली, "बूट काढते, पण मोज्यांना भोकं आहेत, बघू नका." ओठांत दोन स्क्रू धरून तिनं कॉम्प्युटरचं झाकण उतरवलं.

"काम करताना कधी बंद पडला?"

"कधीच नाही."

"जड काम? तासभर चित्र तयार होत बसलंय असं?"

"तेव्हाही नाही. मी उठले की."

"म्हणजे त्याला काम नसलं की." तिनं स्क्रू तोंडातून काढले. "कोणी जोडलाय?"

"माझ्या दिरानं."

"प्रोसेसर नवा, बोर्ड नवा, मेमरी नवी. आणि हा डबा," तिनं तळाच्या पॉवर सप्लायवर टिचकी मारली, "हा या सगळ्यांचा काका आहे. दहा-बारा वर्षांचा. हे बघा, हल्लीच्या प्रोसेसरला काम नसलं की तो झोपतो. आधी डुलकी. मग गाढ. इतका गाढ, की वीज जवळजवळ ओढतच नाही. नव्या डब्यांना ते कळतं. याच्या काळात कुणी एवढं गाढ झोपायचंच नाही. याला वाटतं पलीकडे कुणी नाही. मग कशाला जागायचं? घेतो स्वतःला बंद करून."

"स्वतःहून?"

"मग काय, भूत येतं?"

तिनं कॉम्प्युटर सुरू केला, एक कळ दाबून धरत बोर्डाच्या सेटिंग्जच्या निळ्या यादीत शिरली, आणि गाढ झोपेची ओळ शोधून ती बंद केली. "आता नुसती डुलकी घेईल. जरा तापेल जास्त, पण मरणार नाही. तात्पुरतं आहे हं. डबा बदला."

झाकण उघडंच ठेवून त्या दोघी अर्धा तास बसल्या. कॉम्प्युटर चालूच राहिला. तिनं दिराला फोन केला.

"भाऊजी, तो विजेचा डबा जुना का घातलात?"

"वहिनी, माझ्या जुन्या मशीनमधला आहे, ठणठणीत चालत होता. मी नवाच आणणार होतो. बाबा म्हणाले, चालू वस्तू फेकायची नसते."

म्हणजे शेवटी बाबाच! क्षणभर तिला इतकं बरं वाटलं की तिचं तिलाच शरमल्यासारखं झालं.

*

दिराच्या घरी सासरे खिडकीशी बसून वर्तमानपत्राच्या कडेला आकडेमोड करत होते. तिनं सगळं सांगितलं. डबा, झोप, काका. माफी मागितली.

ते ऐकत होते, पण चेहऱ्यावर मीटर वाचतानाचा भाव होता.

"कुणी बंद करत नव्हतं?"

"कुणी नाही."

"आपोआप?"

"आपोआप."

"चाळीस वर्षं लोक मला हेच सांगत आले," ते म्हणाले. "मीटर आपोआप थांबतो, साहेब. एकाचाही थांबत नव्हता. मला घरी न्यायचं म्हणून तू डब्यावर घालते आहेस."

"नाही बाबा."

"मग थोरला करत असेल आणि तू त्याला झाकतेस."

"बाबा!" पलीकडून दीर म्हणाला.

"तू गप. डबा तूच दिलास."

तिच्या लक्षात आलं, की गेले तीन आठवडे ती स्वतः अशीच दिसत असणार. ती म्हणाली, "डोळ्यांनी बघा मग."

"बघेन. बॅग इथंच ठेवतो."

*

तिनं निळ्या यादीत जाऊन गाढ झोपेची ओळ पुन्हा चालू केली. दोन खुर्च्या, कॉम्प्युटरपासून चार हात लांब.

"फोन टेबलावर ठेव."

तिनं ठेवला.

"हात दिसू देत."

तिनं हात मांडीवर ठेवले. त्यांनीही ठेवले. पडदा काळा झाला, पण घरघर चालू होती. पाच मिनिटं झाली. नऊ. तिच्या मनात आलं, आज नेमका जागा राहिला तर?

"आपल्यासमोर हे लाजतं वाटतं," सासरे म्हणाले.

बाराव्या मिनिटाला घरघर थांबली. मागचा छोटा हिरवा दिवा विझला.

ते ताडकन उठले. भिंतीवरचं बटण पाहिलं, चालू. प्लग हलवून पाहिला, घट्ट. स्वयंपाकघरात जाऊन दिवा लावून पाहिला, लागला, मालवला. टेबलाखाली वाकून बघितलं, मग तिच्या खुर्चीखाली. परत येऊन बसले, खिशातून कागद काढला आणि लिहिलं: १२.

"परत."

दुसऱ्यांदा १७. तिसऱ्यांदा ९. तिसऱ्या वेळी त्यांनी तिला खोलीबाहेर उभं केलं होतं, दार उघडं ठेवून.

कागदाची घडी घालत ते म्हणाले, "पेन खरंच पडलं होतं."

"हो."

"पण ते तर अजूनही दिसत नाही त्या चित्रणात."

"नाही दिसत."

"मग आता कशावरून मानतेस?"

"तुम्ही म्हणता म्हणून."

सासऱ्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. यात काय डाव आहे ते शोधत असावेत. सापडला नाही, की शोधायचा कंटाळा आला, कोण जाणे.

"मी कुणाचंही 'म्हणता म्हणून' कधी ऐकलं नाही," ते म्हणाले. "थोरल्याला सांग, येताना बॅग घेऊन ये. आणि डबा नवा आण. जुना फेकू नका मात्र."

ती चहा टाकायला उठली. पाठीमागे पंख्याचं बटण खट्कन बंद झालं.

*

कॉम्प्युटर पहिल्यांदा बंद पडला त्या मंगळवारी सासरे दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत तोंड उघडून बसले होते, आणि त्यांना तिथं सोडून आली होती तीच.