कोलोन सफरीची रंगीत तालीम

प्रताप मिरजकर सायकलने फ्रँकफर्टहून कोलोनला जाणार, ही बातमी त्याने स्वतःच फेब्रुवारीत मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. तेव्हा त्याच्याकडे सायकल नव्हती.

माइन नदीच्या काठाने माइंत्सपर्यंत आणि पुढे ऱ्हाइनच्या काठाने कोलोनपर्यंत, असा पाच दिवसांचा बेत होता. रस्ता तळहातासारखा सपाट. उन्हाळ्यात सत्तरीचे जर्मन आजी-आजोबा आइसक्रीम चाटत त्या वाटेने जात असतात. पण प्रताप सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता आणि सोपी गोष्ट अवघड करून दाखवण्यात त्याची हयात गेली होती. मार्चमध्ये सायकल आली, एप्रिलमध्ये तिला लावायच्या नऊ पिशव्या आल्या आणि मेमध्ये एकशे बारा ओळींची एक्सेल शीट तयार झाली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर कणकेऐवजी तंबूचे खिळे मोजले जाऊ लागले. वजन वाचवायला त्याने टूथब्रशची दांडी करवतीने अर्धी कापली. कॉफीच्या बिया दळायचं लोखंडी यंत्र मात्र बरोबर घेतलं, कारण मनोधैर्य टिकायला हवं.

त्याची बायको मालिनी हे सगळं बघत होती. ती होख्स्टच्या एका किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, शिकवायची. बोकेनहाइमच्या घरापासून तिथपर्यंत नऊ किलोमीटर, निड्डा नदीच्या काठाने, पावसात आणि बर्फातही ती रोज सायकलने जाई. तिची सायकल जुन्या बाजारातून आणलेली, तीन गिअरची, पुढे वेताची टोपली लावलेली. सहा वर्षं ती अशी जात-येत होती. पण प्रतापच्या मते ते सायकलिंग नव्हतं, ते कम्यूटिंग होतं.

टूर ऑगस्टमध्ये होती, म्हणून जूनच्या एका शनिवारी प्रतापने एका रात्रीची चाचणी-सफर ठरवली. झेलिगेनश्टाटच्या पुढे नदीकाठी एक कॅम्पिंगची जागा होती. तिथपर्यंत अडतीस किलोमीटर जायचं, तंबूत झोपायचं आणि रविवारी परत यायचं. बरोबर मंडळातले सिद्धांत आणि रमेश येणार होते. गुरुवारी सिद्धांतची पाठ धरली. शुक्रवारी रमेशला आठवलं की पुण्याहून सासू-सासरे आले आहेत. ते महिनाभरापूर्वीच आले होते.

मग प्रतापने मालिनीला विचारलं. म्हणजे विचारलं नाही, नेमलं. तिने ट्रेनने पुढे जाऊन कॅम्पवर सपोर्ट टीम म्हणून थांबायचं होतं. मालिनी म्हणाली की ती आपल्या सायकलनेच येईल. त्यावर प्रतापने तिला तिच्या सायकलच्या मर्यादा पाऊण तास समजावून सांगितल्या. पंधरा वर्षांच्या निधीने मान वर न करता जर्मनमध्ये एवढंच म्हटलं, की बाबा, ती माइन आहे, हिमालय नाही.

निघायचं सहाला होतं, निघाले सव्वानऊला. नमनालाच घडाभर तेल गेलं. छातीला ठोके मोजायचा पट्टा, मांड्यांना मलम, डोळ्यांना पिवळा चष्मा, आणि बूट असे की खटकन पॅडलमध्ये अडकतात आणि टाच फिरवली तरच सुटतात. मालिनीने टोपलीत डबा, पाणी आणि एक चादर ठेवली. किटामधली दोरीउड्यांची दोरी आदल्या दिवसापासून टोपलीतच राहिली होती.

ऑफेनबाखपर्यंत प्रताप पुढे होता. तिथे नदीकाठच्या कॅफेपाशी एक कुत्रा आडवा आला. प्रतापने ब्रेक दाबला, सायकल थांबली, पाय काही पॅडलमधून सुटेना. क्षणभर तो तसाच सरळ उभा होता, मग वीस-पंचवीस म्हाताऱ्यांसमोर तोललेल्या ताटासारखा सावकाश उजवीकडे कलंडला. एका आजोबांनी कॉफी बाजूला ठेवून त्याला उठवलं, काळजी घेऊन जा म्हणाले, आणि मालिनीकडे बघून विचारलं, हे आजच शिकतायत का? हसू गिळायला मालिनीला पुढचा अख्खा पूल लागला.

कोपर खरचटलं होतं, त्यापेक्षा तोरा जास्त. हानाऊपर्यंत प्रताप तिला सांगत राहिला की वाऱ्याची दिशा चुकली, टायरमधला दाब चुकला, कुत्र्यांवर कायदा हवा. त्यानंतर तो मागे पडत गेला. मालिनी दर थोड्या वेळाने थांबून मागे बघत होती. सुरुवातीला काळजीने, मग सवयीने.

कॅम्पवर पोचेपर्यंत चार वाजले. प्रतापने तंबू उलगडला, खिळ्यांची पिशवी काढली, दोऱ्या काढल्या आणि मग नऊच्या नऊ पिशव्या गवतावर उपड्या केल्या. तंबूच्या दांड्या नव्हत्या. वेगळं वजन करायला म्हणून त्या बाजूला काढल्या होत्या आणि चपलांच्या कपाटाशेजारी राहिल्या होत्या.

"चेकलिस्टमध्ये होत्या," तो म्हणाला. "त्यांच्यापुढे टिकसुद्धा आहे."

"मग ती टिकच उभी कर," मालिनी म्हणाली.

एरवी असं बोलायची तिची रीत नव्हती. पण तोंडातून निघून गेलं आणि गेल्यावर तिला बरं वाटलं.

शेजारच्या कॅम्पर गाडीतल्या फ्राउ केसलर नावाच्या बाई हे सगळं खुर्चीत बसून बघत होत्या. त्या हातोडी घेऊन आल्या. मालिनीने दोरीउड्यांची दोरी दोन झाडांमध्ये ताणून बांधली, तिच्यावर तंबूचं कापड टाकलं, आणि दोघींनी मिळून कडा ठोकल्या. किटामध्ये पावसाच्या दिवशी ती मुलांना चादरींची घरं करून देई, त्यातलाच हा प्रकार. फ्राउ केसलर बहात्तर वर्षांच्या होत्या आणि गेल्याच महिन्यात एकट्या सायकलने बॉनपर्यंत जाऊन आल्या होत्या. तयारी काय केली, असं मालिनीने विचारलं. त्यांनी जरा आठवून सांगितलं, की शेजारणीकडे मांजर ठेवलं.

सकाळी प्रताप सीटवर बसायला गेला आणि ताडकन उठला. दोनदा प्रयत्न केला. मग त्याने जाहीर केलं, की सार्वजनिक वाहतुकीची चाचणी घेणंही आवश्यक आहे, आणि सायकल ढकलत स्टेशनकडे निघाला. मालिनी आल्या वाटेने निघाली. पुढे-मागे कुणी नव्हतं. श्टाइनहाइमपाशी थांबून तिने डब्यातले उरलेले धपाटे खाल्ले आणि तिच्या लक्षात आलं, की आपण तासभर कुणाचंच ऐकलेलं नाही. दुपारी ती घरी पोचली, अंघोळ करून झोपलीही. प्रताप संध्याकाळी आला. रुळांचं काम चालू होतं आणि बदली बसमध्ये सायकल घेत नव्हते.

त्याने ग्रुपवर लिहिलं की चाचणी यशस्वी झाली आणि मौल्यवान निष्कर्ष हाती आले. निष्कर्ष सोळा स्लाइडचे होते. शेवटची स्लाइड अशी, की तयारी अपुरी असल्याने टूर पुढच्या वर्षी.

किटाला ऑगस्टमध्ये तीन आठवडे सुट्टी असते. पहिल्या सोमवारी मालिनीने प्रतापच्या दोन पिशव्या आपल्या सायकलला बांधल्या, निधीला फ्रीज दाखवला आणि निघाली. प्रतापला वाटलं, माइंत्सहून फोन येईल. फोन आला नाही. फोटो आला, बाखाराखचा. मग कोब्लेंझचा. ती लहानसहान पेन्शनांमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये, राहत होती. प्रताप तिला रोज वाऱ्याचा अंदाज पाठवत होता. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला, मांड्या भरून आल्या आणि एका फाट्यावर चुकून ती तासभर द्राक्षांच्या मळ्यांत फिरली. रडूही आलं. रडून झाल्यावर एका शेतकऱ्याला रस्ता विचारला.

शुक्रवारी दुपारी ती कोलोनला पोचली. कॅथेड्रलसमोर एका मुलीकडून सायकलसोबत फोटो काढून घेतला, प्रतापला पाठवला आणि खायला बसली.

दहा मिनिटांनी ग्रुपवर तोच फोटो आला. त्यात कॅथेड्रल होतं, सायकल होती, मालिनी कापलेली होती. खाली लिहिलं होतं, "आपली टूर कोलोनला पोचली! पूर्वतयारीला पर्याय नाही." त्रेसष्ट अंगठे आले. कुणी लिहिलं, मानलं बुवा तुला. सिद्धांतने फुगवलेल्या दंडाचं चित्र टाकलं.

मालिनीने बटाट्याची कापं बाजूला सारली, बोटं पुसली आणि त्या ग्रुपवर चार वर्षांत पहिल्यांदाच काही लिहिलं.

"प्रताप घरी आहे."

मग रमेशच्या बायकोचा, ऊर्मिलाचा, वेगळा मेसेज आला. सायकल कुठली आहे, आणि एकटीला भीती नाही ना वाटली? पाठोपाठ प्रतापचा फोन.

"असं चारचौघांत लिहायची काय गरज होती? लोक काय म्हणतील?"

"फोटो पूर्ण टाक," मालिनी म्हणाली आणि फोन ठेवून ऊर्मिलाला उत्तर लिहू लागली. भीती वाटली, असं तिने खरंच लिहिलं, आणि ती तिसऱ्या दिवशी वाटली हेही.

वीस मिनिटांनी प्रतापने पूर्ण फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, "सौ. मालिनी, माझ्या मार्गदर्शनाखाली."

ते वाचून मालिनी इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले. मग तिने वेटरला बोलावलं आणि विचारलं, इथून पुढे ड्युसेलडॉर्फला जायचा सायकलचा रस्ता नदीच्या कुठल्या बाजूने बरा.