ओबदुलियाच्या ओळीतला आकडा

मंगळवारी सकाळी एर्मिनिया कच्ची केळी सोलत बसली होती. चीक लागू नये म्हणून तिने बोटांना तेल चोपडलं होतं आणि त्याच बोटांनी कागद उचलला, तशी तिची मुलगी नेरेइदा वैतागली. तिकडच्या रीतीने ती आईला मामी म्हणायची.

"मामी, वेन्सेने एकच प्रत दिलीय. डाग पडतील."

"पडू देत. आधीच कुणीतरी शाई सांडून ठेवलीये, आणि ती नेमकी माझ्या आईच्या नावासमोर."

कागद १९४० च्या शिरगणतीचा होता, मायाग्वेसमधल्या त्यांच्याच जुन्या गल्लीचा. दारोदार फिरलेल्या कारकुनाने माणसांची नावं, वयं आणि कामं लिहिली होती. पुढे कचेरीत कुणीतरी प्रत्येक कामाशेजारी आकडा घातला होता, एका धंद्याला एक. एर्मिनियाच्या आईच्या, ओबदुलियाच्या ओळीत काम शाईखाली बुडालं होतं. आकडा मात्र स्वच्छ दिसत होता.

एर्मिनियाचा भाचा वेन्सेस्लाओ ईस्टरच्या मेळाव्यासाठी घराण्याचं पुस्तक छापणार होता. त्याच्या कच्च्या मसुद्यात लिहिलं होतं : ओबदुलिया, काम काही नाही.

"मग हा आकडा कशाचा?" एर्मिनियाने विचारलं.

"कुठला आकडा कुठल्या धंद्याचा, याची वेन्सेकडे यादी आहे. तीत तो लोहाराचा आहे. कचेरीतली चूक असणार."

"लोहार!" एर्मिनियाला इतकं हसू आलं की सुरी बाजूला ठेवावी लागली. "अगं, माझी आई दिवसभर रुमालांच्या कडा भरायची. सोमवारी दलाल गठ्ठा टाकून जायचा, शनिवारी उचलायचा. सुया मी ओवून द्यायची. पाच पोरं त्या रुमालांवर वाढली. तुझे आजोबा तर उसाचा हंगाम संपला की आडवे व्हायचे ते पुढच्या हंगामालाच उठायचे."

"पण कागदावर तसं नाहीये, मामी."

"मी बघितलंय."

"तू नऊ वर्षांची होतीस."

"नऊ वर्षांच्या पोरीला डोळे नसतात? आणि रिकाम्या बाईला सरकार आकडा कशाला देईल? बघ जरा नीट. एवढी शिकलीस ना!"

नेरेइदाने तीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलं होतं. पुरावा नसेल ते लिहू नये, असं तिने शेकडो मुलांना बजावलं होतं. "उद्या बघते," म्हणत तिने कागद पर्समध्ये टाकला. दारात नेहमीसारखी थांबली. "आशीर्वाद दे, मामी."

"देव तुझं भलं करो. आणि उद्या म्हणजे उद्याच हं."

बुधवारी सकाळी शेजारणीला एर्मिनिया न्हाणीच्या दाराशी पडलेली सापडली.

दफन झालं, घरात तिच्यासाठी नऊ दिवसांची जपमाळेची प्रार्थना सुरू झाली. पाचव्या दिवशी वेन्सेचा फोन आला. "पुस्तक छापखान्यात चाललंय. आत्याच्या नावापुढे तारीख घालतो. बाकी काही बदल?"

"थांब," नेरेइदा म्हणाली. "मला एक बघू दे."

तिने कागद टेबलावर पसरला. ओबदुलियाच्या पोरांची नावं संपली की दोनच ओळींवर शेजारीण पांचा होती. तिचं काम लख्ख वाचता येत होतं : भरतकाम, स्वतःच्या घरी. तिच्यासमोर तोच आकडा होता. गल्लीत आणखी तीन बायका, तेच काम, तोच आकडा. मग नेरेइदाने वेन्सेची यादी घेतली. पावाच्या भट्टीवाल्याचा आकडा त्या यादीत न्हाव्याचा निघाला, मोच्याचा कोळ्याचा. यादीच्या तळाशी बारीक अक्षरात १९३० लिहिलं होतं. प्रत्येक शिरगणतीची यादी वेगळी असते. हा शहाणा दहा वर्षांपूर्वीची यादी लावून बसला होता.

तिने घड्याळ पाहिलं. सगळं मिळून पंधरा मिनिटं लागली होती. मंगळवारी केळी शिजेपर्यंत झालं असतं. रागाने तिला बसवेना. तिने वेन्सेला फोन लावला, त्याने उचलला नाही. तिने निरोप ठेवला, पुन्हा ठेवला.

नवव्या दिवशी शेवटची जपमाळ झाली. बायका कॉफी आणि चीज-बिस्किटं वाटत होत्या, तेवढ्यात वेन्सेस्लाओ खोकं घेऊन आला. ऐंशी प्रती, निळं कव्हर. नेरेइदाने उभ्या उभ्या पान काढलं. ओबदुलिया, काम काही नाही.

"माझा निरोप मिळाला नाही तुला?"

"मिळाला गं. पण छापखानेवाला थांबतोय होय? दुरुस्तीची एक चिठ्ठी चिकटवू आत."

"चिठ्ठी? पाच पोरं वाढवलेल्या बाईला चिठ्ठी? वेन्से, तुझा बाप त्या रुमालांवर मोठा झाला! यादी कुठल्या सालची आहे ते तरी बघायचंस. अख्खी गल्ली न्हावी नि कोळी करून ठेवलीस!"

"हळू बोल, घरात प्रार्थना झालीये आत्ताच."

"नाही बोलणार हळू. तिने मरायच्या आदल्या दिवशी विचारलं होतं."

वेन्सेचेही कान लाल झाले. "मग मला एकट्याला का फाडतेस? आत्या सांगायची ते सगळ्यांनी ऐकलंय. पण सांगण्याला काही पुरावा असतो का? तूच म्हणाली होतीस, कागदावर असेल तेवढंच घाल."

नेरेइदा खरंच तसं म्हणाली होती, डिसेंबरमध्ये, त्याच्या अंगणात. आज हातात आकडा होता म्हणून तिला एवढा आवाज चढवता येत होता. पांचाच्या ओळीवरही शाई सांडली असती, तर ती आत्ता मान खाली घालून कॉफी पीत बसली असती.

तिने पुस्तक खोक्यात टाकलं आणि मेणबत्त्यांमध्ये ठेवलेल्या आईच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. आवाज अजून रागातच होता, तो काही तिला खाली आणता आला नाही.

"मामी, तू बघितलं होतंस. तेवढं पुरे होतं. मी तुझ्याकडे कागद मागायला नको होता."