दमलेला अलार्म

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे, अलार्म. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. ओरडण्यातच जन्म गेला. सावकाश बोलायची सवय राहिली नाही.

मी सैनिकांच्या तोंडी जन्मलो. इटालियन भाषेत 'अल्लार्मे' अशी हाक असे, म्हणजे 'शस्त्रे घ्या'. ती ऐकली की माणसे भरल्या ताटावरून उठत. फ्रेंचांकडून मी इंग्रजीत आलो. तिथे आधी नुसती हाक होतो, मग त्या हाकेने उडणारी घाबरगुंडी झालो आणि शेवटी घंटा. घड्याळात बसवल्यापासून तर रोज सकाळी डोक्यात टपली खातो. शत्रू नाही, शस्त्र नाही, नुसती शाळेची वेळ.

आता मी दवाखान्यातल्या यंत्रांतही राबतो. एका खाटेवर छातीच्या आजाराने आलेले म्हातारे शिंपी होते. त्यांच्या नाकाला प्राणवायूची नळी असे आणि रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राचा चिमटा बोटाला लावलेला असे. तो जरा सरकला की मी वाजे. पहिल्या दिवशी त्यांची लेक घाबरून धावत सुटली. वॉर्डातल्या मावशी हसल्या. चिमटा सरकलाय, दुसरं काय, याला ओरडायची खोडच आहे, म्हणाल्या. तिसऱ्या दिवसापर्यंत लेकही तरबेज झाली. बटण दाबून मला गप्प करायचे, चिमटा सारखा करायचा, की पुन्हा विणकाम.

एका दुपारी मात्र चिमटा जागेवरच होता. प्राणवायूची नळी उशीखाली दुमडली होती. मी वाजलो, तिने बटण दाबले. मी पुन्हा वाजलो. तिने चिमटा काढून दुसऱ्या बोटाला लावला, वर मलाच चार शब्द सुनावले. मी घसा फोडत होतो, पण माझ्याजवळ माझ्याशिवाय दुसरा शब्द नव्हता.

दारावरून जाणाऱ्या सिस्टर थबकल्या. "अगं, त्यांच्या तोंडाकडे बघितलंस का?"

ओठ निळे पडले होते. सिस्टरांनी नळी सोडवली. रंग परतायला बराच वेळ लागला.

संध्याकाळी लेक त्यांचा हात धरून बसली होती. "बाबा, मला कळलंच नाही हो."

शिंपी हळू आवाजात म्हणाले, "तू यंत्राकडे बघत होतीस ना. मी तुझ्याकडे बघत होतो."

मित्रांनो, बारीकसारीक कामांना मला जुंपू नका, एवढेच मागणे आहे. आणि मला गप्प करायचे तर खुशाल करा. फक्त त्याआधी एकदा माणसाकडे बघा.