शिकारीबद्दलचं दुसरं उत्तर

फेरतपासणी फॉर्म

१. तक्रार काय?

शिकार आणि प्राण्यांचे हाल यांबद्दल कोणत्या वयाच्या, कोणत्या कामातल्या माणसाला काय वाटतं, हे आमचं ऑफिस घरोघर जाऊन विचारत होतं. त्यासाठी दारोदार फिरणाऱ्या आमच्या एका काकूंनी आणलेल्या सत्तेचाळीस फॉर्मांत खाडाखोड सापडली. पेनाने भरायचे फॉर्म त्यांनी पेन्सिलीने भरले होते. ऑफिसात त्यांचं नाव लगेच पडलं: खोडरबरकाकू.

"आणि उत्तरं तर बघ," साहेब म्हणाले. "अठ्ठ्याहत्तर वर्षांचा शिकारी म्हणतो, शिकार बंद करा. जनावरांच्या दवाखान्यातली बावीस वर्षांची पोरगी म्हणते, चालू ठेवा. असं कुठं असतं का? काकूंनी घरी बसून रेघोट्या मारल्यात. जा, तपासून ये. एक जरी उत्तर खोटं निघालं तर काकूंना नारळ."

मी सहा वर्षं तपासणीचंच काम करतोय. खोटे फॉर्म मला लांबून ओळखू येतात. ते फार स्वच्छ असतात.

२. उत्तर देणारी व्यक्ती भेटली का?

भेटली. तिसरा मजला, भिंतीवर दोन खुंट्या, बंदूक नाही.

"त्या बाई? अहो, त्या उठेचनात!" शिकारी आजोबा म्हणाले. "मी म्हटलं, चालू ठेवा. त्यांनी खूण केली, पाणी मागितलं आणि गप्प बसल्या. इतक्या गप्प, की मलाच काहीतरी बोलावं लागलं."

"काय बोललात?"

"की जखमी जनावर मागे टाकून शिकारी घरी येत नाही. एका रानडुकरामागे मी दोन दिवस चाललोय. आता गाडीतून गोळी घालतात आणि गाडीतूनच परततात. बोलता बोलता माझं मलाच कळलं, हे असलं चालू राहू नये. म्हटलं, बाई, खोडा ते."

आतून सूनबाईंचा आवाज आला. "पंचवीस वर्षं मी डोकं फोडतेय! आणि ती बाई एक पेलाभर पाणी पिऊन मामंजींचं मत बदलून गेली!"

३. वरील उत्तर 'हो' असल्यास प्रश्न ४ गाळावा.

गाळला नाही.

४. दुसरी व्यक्ती?

दवाखान्यातली मुलगी पिंजरा धूत होती. हात न थांबवता बोलली.

"मी आधी 'बंद करा' म्हटलं. इथं सगळे तेच म्हणतात. काकू मान हलवून तिथंच बसल्या, त्या बादलीवर. मग मी सांगितलं, मागच्या महिन्यात एक हरीण आणलं होतं. नुसती हाडं. हरणं वाढलीत, चारा नाही. आठ दिवस मरत होतं ते. नेम असलेल्या माणसानं, परवानगी काढून, मोजकी मारली तर मी नाही म्हणणार नाही."

"घरी सांगितलंस हे?"

"वेड लागलंय का? आई जेवायला वाढायची नाही."

५. नोंदवलेली माहिती खरी आहे का?

हो.

६. पहिलंच उत्तर नोंदवलं आहे का?

इथं माझं पेन अडलं. नियम साधा आहे: माणूस पहिल्यांदा म्हणेल ते उत्तर. 'नाही' लिहिलं की काकू घरी. 'हो' लिहिलं की खोटा फॉर्म भरणारा मी. मी 'नाही' लिहिलं आणि साहेबांकडे नेण्याआधी काकूंसमोर ठेवलं.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं. "बरोबर आहे. चुकलंच माझं."

"काकू, अहो नोकरी जाईल!"

"ते खरं रे. पण मी पुसायला नको होतं. पहिलंही त्यांचंच होतं ना."

मग त्यांनी एक फॉर्म खिडकीशी नेऊन तिरका धरला. पेन्सिल दाबून लिहायची त्यांची सवय. पुसलेल्या खुणेची खाच कागदावर स्पष्ट दिसत होती. दुपारभर त्या खिडकीत उभ्या होत्या. पहिलं उत्तर पेनाने, शेजारी दुसरं. सत्तेचाळीस फॉर्म. चहासुद्धा उभ्यानेच. मला हात लावू दिला नाही.

७. इतर (नमूद करा)

साहेबांनी दोन्ही रकाने वयाप्रमाणे लावले. पहिल्यात म्हातारे एकीकडे, तरुण दुसरीकडे, आखून दिल्यासारखे. दुसऱ्यात ज्याचं त्याचं.

"पहिला अगदी मला हवा तसा आहे," साहेब हळूच म्हणाले.

"तेच तर," काकू म्हणाल्या.

नारळ टळला. फॉर्मला दुसरा रकाना छापला गेला आणि काकूंचं बसणं आम्हा सगळ्यांना शिकायची वेळ आली.

नवे फॉर्म आल्यावर मी त्यांच्याबरोबर एका निवृत्त मास्तरांकडे गेलो. प्रश्न मी विचारला, उत्तर लिहिलं आणि गप्प बसलो. पंखा फिरत होता. मास्तर माझ्याकडे बघत होते. मी जेमतेम दीड मिनिट टिकलो.

"बरं, येतो," म्हणत मी उठलोसुद्धा.

काकू हलल्या नाहीत. मास्तरांनी दाराकडे पाहिलं, मग काकूंकडे, आणि आपली खुर्ची थोडी पुढे ओढली.